ऋण काढून सण

मंडळाची स्मरणिका हाती आली की आपण प्रथम छायाचित्रे पाहतो, मग पाककृती वाचतो, आणि जमाखर्चाचे पान मात्र न वाचताच उलटतो. आजचा माझा विषय त्या उलटलेल्या पानाचाच आहे. तो सुचण्याचे कारणही सांगून टाकते. यंदाच्या बैठकीत वार्षिक सहलीचा विषय निघाला. वर्गणीची चर्चा चालू असता एक भगिनी सहज बोलून गेली, “ज्यांच्या डोक्यावर देणे आहे, त्यांनी सहलीला यावेच कशाला?” बोलणारीच्या मनात कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हती, हे मी जाणते. परंतु बैठकीत एक जण गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी यादीतून तिने आपले नाव काढून घेतले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. घरावर कर्ज असेल तर माणसाने हसूखेळू नये काय? सणाला गोडधोड करू नये, लेकीला बांगड्या भरू नयेत, वर्षातून एकदा चार मैत्रिणींबरोबर बाहेर पडू नये काय? शिवाय कर्जाचा विषय निघाला की बोट फार करून बाईच्या हौसेकडे वळते. “बायकांच्या हौसेपायी घर बुडाले,” हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी मी आपल्याच मुलखाच्या इतिहासाची पाने चाळली. जे आढळले ते येथे मांडते.

आपल्याकडे म्हण आहे, ‘ऋण काढून सण करू नये.’ ती आपण घाईने वाचतो आणि तिचा अर्थ ‘सण करू नये’ असा लावतो. म्हण तसे सांगत नाही. तिचा आक्षेप सणावर नसून ऋणावर आहे. सण जरूर करावा, पण त्यासाठी कर्ज काढू नये, एवढेच तिचे म्हणणे. हा फरक लहान दिसतो. परंतु दीडशे वर्षांपूर्वी एका सरकारी चौकशीला नेमका हाच फरक पडताळून पाहावा लागला होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की माणसांना इजा फारशी झाली नाही. लोकांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे, वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या, हेच बहुतेक ठिकाणी घडले. त्याआधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील करडे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला होता.

एवढा संताप का झाला? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती पैसा खेळू लागला, सावकारही हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले; कर्जे मात्र तशीच राहिली. त्यातच १८६७ पासून नव्या मोजणीने शेतसारा वाढला. पीक येवो न येवो, सारा रोकड भरावा लागे, आणि रोकड मिळण्याचे ठिकाण एकच, सावकाराची ओसरी.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी समिती नेमली. त्या काळी अनेक अधिकाऱ्यांचे ठाम मत होते की कुणबी उधळ्या आहे. लग्नात आणि सणावारी तो पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. समितीने हिशेब तपासले आणि निष्कर्ष निराळाच काढला. लग्नकार्य व सणावारांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे समितीने नमूद केले. हा खर्च खात्यात असतो खरा, परंतु कर्जाचे मूळ क्वचितच त्यात सापडते. क्वचित येणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणे, बैल आणि शेतसारा यांसाठी पुनःपुन्हा घेतलेल्या लहान लहान रकमांनीच कर्ज जास्त फुगते, असे तिचे म्हणणे होते.

भगिनींनो, हा निष्कर्ष मी दोनदा वाचला. बाईच्या हौसेवर येणारा आरोप त्या काळी सबंध कुणबी समाजावर ठेवला गेला होता, आणि वह्या उघडल्यावर तो टिकला नाही.

मग घरे बुडाली कशाने? येथे व्याजाची चाल समजून घ्यावी लागते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात ‘दामदुप्पट’ नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, असा त्याचा अर्थ. शंभर रुपये दिले तर व्याज साचून फार तर आणखी शंभर, म्हणजे एकूण दोनशे. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदूंच्या बाबतीत हा नियम मानीत. परंतु त्यातून वाट निघाली. व्याज थकले की जुना कागद फाडायचा, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करून तेच नवे मुद्दल म्हणून नव्या कागदावर लिहायचे. पुढे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरावीक वर्षांत दावा न केल्यास हक्क बुडू लागला. कायदा ऋणकोच्या भल्यासाठी होता, घडले उलटे. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा कागद करून घेऊ लागला, आणि दर खेपेस व्याजाचे मुद्दल बनू लागले. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. त्याला वाटे आपण जुनेच कर्ज चालवीत आहोत. प्रत्यक्षात तो नवे, मोठे कर्ज घेत असे.

म्हणूनच १८७९ साली जो ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला, त्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, आणि ऋणकोला पैसे भरल्याची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. पुढे त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले आणि घराबाहेर पडून लिहिणेवाचणे शिकू पाहणाऱ्या स्त्रियांना एक दार उघडले. स्त्रीशिक्षणाचा मोठेपणा आपण पुष्कळ गातो. त्याचा एक साधा उपयोगही ध्यानात ठेवावा: ज्या बाईला कागद वाचता येतो, तिच्या घरी व्याजाचे मुद्दल गुपचूप होऊ शकत नाही.

आता खेड्यातून मुंबईस येऊ. शेतावर भागेना म्हणून कोकणातून आणि घाटावरून माणसे गिरण्यांत आली. येथे तरी कर्ज सुटले काय? मुंबई सरकारच्या कामगार खात्याने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे हिशेब तपासले गेले. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये होते. शंभरातील ४७ कुटुंबे कर्जात होती. कर्ज साधारणपणे अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे असे, आणि व्याजाचा नेहमीचा दर होता दरमहा रुपयाला एक आणा.

‘रुपयाला आणा’ हे ऐकायला किती किरकोळ वाटते! हिशेब करून पाहू. महिन्याला एक आणा म्हणजे वर्षाला बारा आणे. सोळा आण्यांच्या रुपयावर बारा आणे, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. ५२ रुपये मिळवणाऱ्या घरावर अडीच महिन्यांचे, म्हणजे १३० रुपये कर्ज धरले, तर दरमहा व्याज १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे. मिळकतीचा जवळजवळ सहावा हिस्सा व्याजात गेला आणि मुद्दल होते तेवढेच राहिले! वर्षाचे व्याज साडेसत्त्याण्णव रुपये. जवळजवळ दोन महिन्यांची कमाई. अशा घरातील बाईने दिवाळीला दोन शेर साखर जास्त आणली की घर बुडाले, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

याचा अर्थ सणावारांची, लग्नाची उधळपट्टी निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. कर्ज काढून केलेल्या लग्नाने पुष्कळ घरे वाकली, हेही खरेच. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा साधे, थोड्या खर्चाचे लग्न हा त्याच्या कार्याचा भाग होता. पण त्यांनी लग्नाचा आनंद काढून घेतला नाही. त्यावरचा अनावश्यक भार काढला. हौस आणि देखावा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हौस आपल्या घरासाठी असते. देखावा शेजाऱ्यांसाठी असतो, आणि कर्ज बहुधा देखाव्यासाठी काढले जाते.

कर्जातून बाहेर पडण्याचा मार्ग मात्र एकट्याने सहसा सापडला नाही. तो माणसे एकत्र आल्यावर सापडला. १८८९ साली बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने मध्यमवर्गीय मंडळींनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढली. थोडे थोडे पैसे एकत्र करावेत आणि गरजवंत सभासदाला त्यातून माफक व्याजाने द्यावेत, हा तिचा हेतू. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली आला. १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था निघाली, आणि १९१८ साली सारस्वत सहकारी संस्था. ह्या दुसऱ्या संस्थेचे आरंभीचे उद्देश पाहण्याजोगे आहेत: सभासदाच्या घरातील लग्न, जुन्या कर्जाची फेड आणि आजारपणाचा खर्च यांसाठी लहान कर्जे देणे. लग्न आणि कर्जफेड ह्या दोन्ही गोष्टी एकाच यादीत! सावकाराचे महाग कर्ज फेडण्यासाठी सहकारी संस्थेचे स्वस्त कर्ज घ्यावे, म्हणजे व्याजात जाणारा पैसा मुद्दलात जाऊ लागतो, हे त्या संस्थापकांनी ओळखले होते.

तरीही हा प्रकाश सर्वत्र पोहोचण्यास वेळ लागला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे दिसले की शेतकऱ्यांच्या कर्जातील सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता आणि सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचेच होते. आणि बायकांच्या हाती तर यापैकी काहीच नव्हते.

बायकांनी आपली सोय आपणच केली. तिचे नाव भिशी. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये घालायचे. सहा हजारांची रक्कम दर महिन्यास एकीला मिळायची. जिला पहिल्या महिन्यात भिशी लागते तिला बिनव्याजी कर्ज मिळते. जिला शेवटी लागते तिची सक्तीची बचत होते. कागद नाही, तारण नाही. भरवसा एवढेच भांडवल. आणि ज्या घरी भिशी असेल तेथे चहा आणि काहीतरी खमंग खायला हे ठरलेलेच. माझ्या मते भिशीचे शहाणपण त्या चहात आहे. बचतीचा दिवस हाच बायकांनी हौसेचा दिवस केला, म्हणून ती बचत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. अर्थात भिशीचा धोकाही विसरू नये. आधी रक्कम उचलून कोणी हप्ते थांबवले तर बाकीच्यांचे पैसे बुडतात. म्हणून ती ओळखीतच चालवावी आणि हिशेब वहीत लिहावा.

पुढचे पाऊल गिरणगावात पडले. घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका महिनाभर उधारीवर जेवण देत, आणि स्वतः दाणागोटा उधारीने किंवा भारी व्याजाने आणीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकेची स्वस्त कर्जे मिळवून दिली. कर्ज तेथेही होतेच. पण ते कमाईच्या कामाला लागलेले, कमी व्याजाचे आणि वेळेवर फेडलेले होते. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँक काढावयाचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक स्त्रियांपैकी काही निरक्षर आहेत म्हणून परवाना प्रथम नाकारला गेला. त्या बायका लिहिणेवाचणे शिकू लागल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचे गणित आम्हांला तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. १८७५ साली ज्यांच्या अज्ञानावर व्याज वाढत होते, त्यांच्याच लेकी-नाती सव्वाशे वर्षांच्या आत व्याजाचे गणित तोंडी सोडवू लागल्या होत्या.

आता आपल्या घरात येऊ. आज सावकार ओसरीवर बसत नाही. तो मोबाईलमध्ये असतो. क्रेडिट कार्डावरची बाकी थकली तर महिन्याला तीन टक्के किंवा त्याहून अधिक व्याज लागते. ‘शेकडा तीन’ हेही ‘रुपयाला आणा’सारखेच किरकोळ वाटते, वर्षाला ते ३६ टक्के होते. आणि जुना हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज घेणे म्हणजे तोच जुना कागद फाडून नवा करणे.

एक उदाहरण घेऊ. महिना तीन टक्के दराने २०,००० रुपये देणे आहे. दरमहा १,००० रुपये भरले तर कर्ज फिटायला ३१ महिने लागतात आणि एकूण सुमारे ३१,००० रुपये जातात. दरमहा २,००० भरले तर बारा हप्त्यांनंतर अगदी थोडी बाकी उरते आणि एकूण सुमारे २४,१०० रुपयांत सुटका होते. आता त्या २,००० पैकी १५० रुपये हौसेसाठी बाजूला काढले आणि १,८५० भरले, तर काय होते? तेरा हप्ते पुरे आणि चौदावा लहानसा. एकूण सुमारे ४०० रुपये जास्त. म्हणजे चारशे रुपयांच्या मोबदल्यात तेरा महिने घरात थोडा आनंद राहिला, आणि हाती १,९५० रुपयांची हौसही आली. हप्ता अर्ध्यावर आणला तर घर बुडते. दीडशे रुपयांच्या हौसेने बुडत नाही. उलट, वर्षभर मन मारून राहिलेली गृहिणी एखाद्या दिवशी कंटाळून उधारीवर पाच हजारांची साडी घेते, तेव्हा मात्र सगळी मेहनत वाया जाते.

यातून निघणारे नियम थोडेच आहेत. सर्वांत महाग व्याजाचे देणे आधी फेडावे; बँकेतल्या बचतीवर मिळते त्याच्या कितीतरी पट व्याज त्यात वाचते. अडीअडचणीसाठी थोडी रोकड मात्र वेगळी असू द्यावी, नाहीतर पहिल्याच आजारपणात पुन्हा उधारी सुरू होते. आणि हौसेसाठी लहान, ठरलेली रक्कम आधी बाजूला काढावी. हौस रोकडीने व्हावी, उधारीने नव्हे.

माझी आजी गिरगावातल्या चाळीत राहत असे. तिच्या फळीवर तीन डबे होते: एक वाण्याचा, एक देण्याचा आणि एक सणाचा. पगाराच्या दिवशी ती तिन्हींत पैसे टाकी. एका वर्षी आजोबांचे काम सुटले होते. त्या महिन्यांत सणाच्या डब्यात एक एक आणाच पडे. कोणी हसले तर ती म्हणे, “डबा रिकामा राहिला की घर उदास होते, आणि उदास घर उधारी फार करते.” आजीने कोणत्याही समितीचा अहवाल वाचला नव्हता.

शेवटी सहलीविषयी. मी कार्यकारिणीपुढे सूचना ठेवली आहे की पुढील सहलीची वर्गणी एकरकमी न घेता या महिन्यापासून बारा लहान हप्त्यांत घ्यावी, हप्ता किती हे कोणी कोणास विचारू नये, आणि कोणीही उसने काढून पैसे भरू नयेत. ज्या भगिनीने यादीतून नाव काढले, तिची ओळ मी अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. देणे फेडणे चालू असताना सहलीला येण्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजायला हवे होते आम्ही, ज्यांनी तो प्रश्न ऐकला आणि त्याच वेळी उत्तर दिले नाही.